अवधान आणि स्मरण : एकाच वेळी अनेक कामे करताना विद्येचे काय होते?

मराठीत 'अष्टावधानी' हे विशेषण प्रशंसेचे मानले जाते. चुलीवरील दूध उतू जाऊ न देता पाहुण्यांशी बोलणाऱ्या आणि त्याच वेळी मुलांच्या अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या गृहिणीस आपण अष्टावधानी म्हणतो. उत्सवाच्या दिवशी दहा जणांच्या दहा तक्रारी उभ्याउभ्या निस्तरणाऱ्या कार्यकर्त्यासही तेच विशेषण लावतो. याच भाषेने 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हणही आपल्या हाती दिली आहे. अनेक कामे एकाच वेळी करणे हा गुण मानावा की दोष, असा प्रश्न यावरून सहज उद्भवतो. भ्रमणध्वनी घराघरांत पोहोचल्यापासून तो अधिक निकडीचा झाला आहे. मुलगा पुस्तक उघडून बसतो, शेजारी भ्रमणध्वनी असतो, कानात गाणे असते, आणि 'माझा अभ्यास चालू आहे' असे तो प्रामाणिकपणे सांगतो. पालक चिंतेत पडतात. घरातील वडीलधाऱ्यांची चिंता वेगळी असते. आपल्याला अलीकडे काहीच लक्षात राहत नाही, असे त्यांना वाटत असते.

या दोन्ही चिंतांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. ते म्हणजे ज्ञान ग्रहण करण्याच्या क्षणी अवधान कोठे होते, हे. या विषयावर आपल्या दर्शनशास्त्रांत जुना विचार झालेला आहे आणि गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी त्याचे मोजमापही केले आहे. भाविक वाचकांच्या व सभासदांच्या माहितीसाठी त्याचा सारांश प्रस्तुत लेखात क्रमाने दिला आहे.

१. अवधान व कार्यस्मृती

अवधान म्हणजे इंद्रियांपुढे येणाऱ्या असंख्य गोष्टींतून काही मोजक्या निवडून त्यांवर मन स्थिर करणे. मंडपात बसलेल्या श्रोत्याच्या कानावर कीर्तनकाराचा आवाज, पंख्याची घरघर, मागील रांगेतील कुजबुज आणि रस्त्यावरील वाहनांचे कर्णे असे सर्व काही एकाच वेळी पडत असते. त्यातील ज्याकडे तो लक्ष देतो, तेवढेच बहुधा त्याच्या स्मृतीत प्रवेश करते.

निवडलेली गोष्ट प्रथम एका तात्पुरत्या जागी धरली जाते. तिला कार्यस्मृती असे म्हणता येईल. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली. कोणी दहा आकडी दूरध्वनी क्रमांक सांगावा, आपण तो पुटपुटत कागद शोधावा आणि तेवढ्यात कोणी 'चहा घेणार का?' असे विचारावे, की क्रमांक निसटतो. ही जागा लहान आहे, हेच त्याचे कारण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात, फार तर दोन अधिक किंवा दोन उणे, अशी सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांचा फेरआढावा घेऊन ती सुमारे चार घटकांवर आणली. दोन कामे एकत्र चालतात तेव्हा दोन्ही याच अपुऱ्या जागेसाठी झगडतात.

२. न्यायदर्शनातील जुना वाद

मनात एकाच क्षणी दोन ज्ञाने उत्पन्न होतात काय, हा प्रश्न न्यायदर्शनाने फार पूर्वी उपस्थित केला. गौतमप्रणीत न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात मनाचे अस्तित्व सिद्ध करताना याच अनुभवाचा आधार घेतला आहे. डोळे, कान, नाक ही सर्व इंद्रिये एकाच वेळी आपापल्या विषयांशी जोडलेली असूनही सर्व ज्ञाने एकदम होत नाहीत. यास्तव इंद्रियांखेरीज मन नावाचे आणखी एक साधन मानावे लागते, ते अणुपरिमाण असते आणि एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, असा हा युक्तिवाद आहे.

यावर आक्षेप असा घेतला जाई की, शष्कुली नावाचा लांब व कुरकुरीत पदार्थ खाताना त्याचे रूप, गंध, चव, स्पर्श व कुरकुर ही पाचही ज्ञाने एकदमच होतात. नैयायिकांचे उत्तर असे की, ती एकदम होत नाहीत. ती इतक्या वेगाने एकामागून एक होतात की त्यांतील क्रम आपल्या ध्यानात येत नाही. यासाठी दोन दृष्टान्त दिले जातात. एकावर एक रचलेल्या शंभर कमलदलांत सुई खुपसली तर ती सर्व पाने एकदम भेदल्यासारखी वाटतात, पण प्रत्यक्षात प्रत्येक पान क्रमानेच भेदले जाते. दुसरा दृष्टान्त अलातचक्राचा. जळते कोलीत अंधारात गरगर फिरवले असता अग्नीचे अखंड कडे दिसते, परंतु कोलीत कोणत्याही क्षणी एकाच ठिकाणी असते.

सर्व दर्शनांनी हे मत मान्य केले असे नाही. भाट्ट मीमांसकांनी मन अणू नसून विभू आहे असे प्रतिपादिले. शिवाय हा वाद तर्काचा होता, मोजणीचा नव्हता. तरीसुद्धा अलातचक्राचा दृष्टान्त वाचकांनी मनात ठेवावा. आपण 'एकाच वेळी' दोन कामे करतो तेव्हा बहुधा कोलीतच फिरवीत असतो, असे पुढील प्रयोगांवरून दिसून येते.

३. क्रमाची किंमत

वाचकांनी घरी एक साधी परीक्षा करून पाहावी. घड्याळ लावून प्रथम एक ते दहा आकडे म्हणावे. नंतर 'क'पासून 'ञ'पर्यंतची दहा अक्षरे म्हणावी. दोन्हींस लागलेला वेळ मांडून ठेवावा. आता हीच दोन कामे मिसळावी : एक-क, दोन-ख, तीन-ग, याप्रमाणे शेवटपर्यंत. उच्चार तेवढेच आहेत, नवे काहीही नाही. तरीही वेळ अधिक लागतो आणि मध्येच अडखळायला होते. हा वाढीव वेळ म्हणजे एका कामातून दुसऱ्यात मन वळविण्याची किंमत होय.

ही किंमत प्रयोगशाळेत प्रथम मोजली ती आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन संशोधकाने १९२७ मध्ये. पुढे रॉबर्ट रॉजर्स व स्टीफन मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, काम बदलणार आहे हे आधी ठाऊक असले आणि तयारीला वेळ मिळाला, तर ही किंमत कमी होते. पण ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. याच स्वरूपाचे निरीक्षण टेलफर्ड यांनी १९३१ मध्ये केले होते. दोन खुणा एकापाठोपाठ अगदी जवळ दिल्या आणि दोहोंस प्रतिसाद द्यावयाचा असला, तर दुसरा प्रतिसाद रेंगाळतो. वेलफर्ड यांनी १९५२ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. निर्णयाच्या टप्प्यावर एक अरुंद वाट आहे आणि पहिले काम पार पडेपर्यंत दुसऱ्यास खोळंबून राहावे लागते.

४. कानावर पडले, पण ऐकले नाही

मन अन्यत्र असले म्हणजे समोरचे दिसत नाही व जवळचे ऐकू येत नाही, ही गोष्ट बृहदारण्यकोपनिषदातही सांगितली आहे. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये तिचा प्रयोग केला. श्रोत्याच्या दोन कानांत दोन वेगवेगळे मजकूर ऐकविले आणि एका कानातील मजकूर मोठ्याने म्हणत राहण्यास सांगितले. दुसऱ्या कानात बोलणारा पुरुष होता की स्त्री, हे श्रोत्यांना सांगता येत असे. काय बोलले गेले, ते मात्र सांगता येत नसे.

नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये पुढचे पाऊल टाकले. दुर्लक्षित कानात त्यांनी तेच ते शब्द ३५ वेळा ऐकविले, तरी नंतर श्रोत्यांना ते ओळखता आले नाहीत. त्याच प्रयोगमालेत दुर्लक्षित कानात श्रोत्याचे स्वतःचे नाव उच्चारले असता सुमारे एक तृतीयांश वेळा ते त्याच्या ध्यानात आले. म्हणजे दार अगदीच बंद नसते. तथापि केवळ वारंवार कानावर पडल्याने विद्या आत शिरत नाही, हा या प्रयोगाचा बोध पालकांनी व शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. दूरचित्रवाणी पाहत असलेल्या मुलाच्या कानी पाढे घातले, तर त्याच्या कानी ते शंभर वेळा पडतील. पण पाठ होतील असे नाही.

५. ग्रहण व स्मरण यांतील भेद

या विषयातील सर्वांत उपयुक्त शोध पुढीलप्रमाणे आहे. स्मृतीचे व्यवहार दोन : नवी गोष्ट ग्रहण करणे आणि ग्रहण केलेली गोष्ट आठवणे. अवधान विभागले गेले तर दोहोंची सारखीच हानी होते काय? फर्गस क्रेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे तपासले. लोकांना शब्द ऐकवून नंतर आठवण्यास सांगितले. काही वेळा शिकतानाच दुसरे काम जोडले, तर काही वेळा आठवतेवेळी.

शिकताना अवधान विभागले गेले तेव्हा स्मरणात मोठी घट झाली. आठवताना दुसरे काम जोडले असता मात्र स्मरण थोडेसेच कमी झाले; जोडलेले दुसरे काम तेवढे मंदावले. पुढे मायरा फर्नांडिस व मॉरिस मॉस्कोविच यांनी २००० मध्ये यास एक मर्यादा घातली. जोडलेले कामही शब्दांचे असेल, तर आठवणेही चांगलेच बिघडते.

परंपरेतील एक जुना अनुभव यावरून उलगडतो. जात्यावर दळताना स्त्रिया ओव्या म्हणत. त्या ओव्या आधीपासून मुखोद्गत असत, हात लयीत फिरत, आणि दळणाच्या कामात शब्द नसत. त्यामुळे दोन्ही कामे सुखाने चालत. आजही भाजी निवडता निवडता पाठ असलेले स्तोत्र म्हणण्यास काही बाध येत नाही. तेच स्तोत्र नव्याने पाठ करावयाचे असेल, तर मात्र भाजी बाजूला ठेवावी. पाठ झालेले कामासोबत म्हणता येते, पाठ करावयाचे कामासोबत होत नाही. एवढे एक सूत्र जरी घरात पाळले गेले तरी पुष्कळ साधेल.

६. उत्तर बरोबर, पण ज्ञान निराळे

येथे कोणी म्हणेल, 'आमचा मुलगा गाणी ऐकत अभ्यास करतो आणि गुणही बरे मिळवतो.' हे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. कॅरिन फोर्डे, बार्बरा नोल्टन व रसेल पोल्ड्रॅक यांचा २००६ मधील प्रयोग याच संदर्भात महत्त्वाचा आहे. पत्त्यांवरील आकृत्या पाहून आज ऊन पडेल की पाऊस, हे ओळखण्यास शिकणे, असे ते काम होते. त्यातील काही आकृत्या लोकांनी शांतपणे शिकल्या. काही आकृत्या शिकताना त्यांना त्याच वेळी कानावर येणारे उंच स्वर मोजावयाचे होते.

नंतर परीक्षा घेतली तेव्हा दोन्ही प्रकारच्या आकृत्यांवरून ऊन-पाऊस ओळखण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आले. मात्र कोणत्या आकृतीचा कशाशी संबंध आहे असा वेगळ्या प्रकारे प्रश्न विचारताच, अवधान विभागून शिकलेल्या भागात ज्ञान तोकडे पडले. मेंदूच्या प्रतिमांतही फरक दिसला. शांतपणे शिकलेल्या ज्ञानाचा संबंध हिप्पोकॅम्पस या भागाशी होता, आणि तो भाग जाणीवपूर्वक आठवता येणाऱ्या गोष्टी साठविण्यास आवश्यक असतो. विभागलेल्या अवधानाने शिकलेल्याचा संबंध स्ट्रायटम या भागाशी दिसला. हा भाग सवयी जडविण्यात प्रमुख असतो.

याचा अर्थ असा की, विचलित मनही काही शिकते. पण ते सवयीच्या वळणाने शिकते. नेहमीच्या साच्यात प्रश्न आला की उत्तर येते. प्रश्नाचा साचा बदलला की ते ज्ञान हाताशी येत नाही. गणिताची रीत पाठ असलेला, परंतु शाब्दिक उदाहरण आले की गोंधळणारा विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची कारणे अनेक असू शकतील, त्यांपैकी हेही एक असू शकते. म्हणून पालकांनी केवळ गुणांवरून निष्कर्ष काढू नये. मुलास तोच विषय आपल्या शब्दांत सांगावयास लावावे.

७. अभ्यासाने काय साधते?

सरावाने दोन कामे एकत्र साधता येतात, याचेही पुरावे आहेत. ॲलपोर्ट, अँटोनिस व रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्ये दाखविले की, पियानोवादनात तरबेज असलेले विद्यार्थी समोरची अपरिचित स्वरलिपी वाजवीत असतानाच कानावर पडणारा गद्य मजकूर मोठ्याने म्हणू शकत. एका कामाचा मार्ग डोळ्यांपासून हातांकडे, तर दुसऱ्याचा कानापासून वाणीकडे. म्हणून संघर्ष थोडा. चिपळ्यांचा ताल सांभाळीत निरूपण करणारा कीर्तनकारही असाच होय. याउलट ऐकणे व वाचणे ही दोन्ही कामे भाषेची आहेत. ती एकमेकांच्या वाटेत येतात.

भाषेच्या दोन कामांतही सरावाने काही साध्य होते. एलिझाबेथ स्पेल्की, विल्यम हर्स्ट व उल्रिक नाइसर यांनी १९७६ मध्ये दोन विद्यार्थ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. हे विद्यार्थी आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर, गोष्टी वाचता वाचता कोणी सांगितलेले शब्द लिहून घेत. प्रारंभी वाचन रखडले. सुमारे सहा आठवड्यांनी वाचनाची गती व आकलन पूर्ववत झाले. परंतु लिहून घेतलेल्या शब्दांत काही संगती आहे, हे त्यांना आपण होऊन फारसे उमगत नव्हते. हात लिहीत होता, मन बहुतेक गोष्टीत होते. पुढे मुद्दाम सराव दिल्यावर त्यांना शब्दांचे वर्गही ओळखता येऊ लागले. हा सर्व उद्योग १७ आठवडे चालला होता. सराव हा असा दीर्घ, नेमका व त्याच दोन कामांचा असावा लागतो. आज व्याकरण, उद्या भूगोल आणि मध्येच येणारे निरोप, यांत असा सराव घडत नाही.

८. अष्टावधान व शतावधान

आता ज्या शब्दाने लेखाचा आरंभ केला, त्याचा मूळ अर्थ पाहू. अष्टावधान ही तेलुगू, कन्नड व संस्कृत भाषांत जोपासलेली एक काव्यकला आहे. हैदराबादच्या मराठी मंडळींना तिचे कार्यक्रम अपरिचित नसावेत. अवधानी पंडिताभोवती आठ पृच्छक बसतात. कोणी समस्यापूर्ती मागतो, कोणी ठरावीक शब्द देऊन श्लोक रचावयास सांगतो, कोणी अक्षरागणिक निषेध करीत जातो. कोणी मधूनमधून घंटा वाजवितो, तिचे टोले मोजावयाचे असतात. अप्रस्तुतप्रसंगी नामक पृच्छकाचे कामच मुळी भलतेसलते प्रश्न विचारून अवधानभंग करण्याचे असते. तेलुगू प्रांतात दिवाकर्ल तिरुपति शास्त्री व चेल्लपिळ्ळ वेंकट शास्त्री ही 'तिरुपति वेंकट कवुलु' नावाने प्रसिद्ध असलेली जोडी या कलेत गाजली. कन्नडमध्ये बंगळुरूचे शतावधानी डॉ. रा. गणेश यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. गुजरातेत जन्मलेले जैन साधक श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ मध्ये मुंबईत शतावधानाचा जाहीर प्रयोग केला होता.

या कलेमुळे वरील सर्व प्रयोग खोटे ठरतात काय? कार्यक्रमाची रचना पाहिली असता तसे म्हणता येत नाही. अवधानी आठ श्लोक एकदम रचीत नाही. पहिल्या फेरीत तो एकेका पृच्छकाकडे वळतो व त्या त्या श्लोकाचा एक चरण देतो. अशा चार फेऱ्यांत चार चरण पूर्ण होतात. अखेरीस धारणा होते, म्हणजे सर्व श्लोक आरंभापासून अखंड म्हणून दाखविले जातात. एका क्षणी एका पृच्छकास संपूर्ण अवधान, नंतर ते सोडून दुसऱ्यास संपूर्ण अवधान, असाच हा क्रम आहे. कोलीत येथेही एका वेळी एकाच ठिकाणी असते. फिरविणारा हात मात्र असामान्य असतो.

सोडलेला चरण परत कसा सापडतो, याचे उत्तर दीर्घ तयारीत आहे. छंद, व्याकरण, शब्दसंपदा व विषय यांची घट्ट वीण आधीच मनात असल्याने प्रत्येक चरणास अडकविण्यास खुंटी तयार असते. यास पोषक असा एक प्रयोग अमेरिकेत झाला. अँडर्स एरिकसन, विल्यम चेस व स्टीव्ह फलून यांनी १९८० मध्ये एका विद्यार्थ्याविषयी लिहिले. एकदा ऐकून सातच आकडे लक्षात ठेवू शकणारा हा तरुण सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ७९ आकडे धरू लागला. तो धावपटू होता आणि आकड्यांना शर्यतींच्या वेळांचे रूप देत असे. आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याची मजल पुन्हा सहाच्या आसपास आली. त्याचे पात्र मोठे झाले नव्हते. त्या एका विषयापुरती रचना तयार झाली होती.

म्हणून खऱ्या अर्थाने अष्टावधानी होणे म्हणजे आठ ठिकाणी लक्ष विखुरणे नव्हे. आठ वेळा पूर्ण लक्ष देणे, असा त्याचा अर्थ होतो.

९. अपवाद व मतभेद

काही व्यक्ती अपवाद असतात हे मान्य केले पाहिजे. जेसन वॉटसन व डेव्हिड स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० जणांची परीक्षा घेतली. कृत्रिम वाहनचालन आणि दूरध्वनीवरून दिलेले स्मरणाचे काम, ही दोन्ही कामे एकत्र करावयाची होती. त्यांपैकी २.५ टक्के लोकांच्या कामगिरीत काहीच घट झाली नाही. मात्र आपण त्या थोड्यांपैकी आहोत, हे स्वतःच ठरविणे धोक्याचे आहे. यूटा विद्यापीठातील २०१३ च्या अभ्यासात असे आढळले की, अनेक कामे एकत्र वारंवार करणारे आणि त्यात आपण निष्णात आहोत असे मानणारे, प्रत्यक्ष चाचणीत तसे ठरत नाहीत.

अनेक माध्यमे एकत्र वापरणाऱ्यांची विक्षेप टाळण्याची शक्तीच क्षीण असते, असे ओफिर, नास व वॅग्नर यांनी २००९ मध्ये मांडले. ते बरेच गाजले. परंतु पुढील पडताळण्यांत तसे परिणाम सातत्याने मिळाले नाहीत. भ्रमणध्वनी नुसता मेजावर असला तरी बुद्धी मंदावते, या २०१७ मधील निष्कर्षाचीही तीच स्थिती आहे. म्हणून 'यंत्रांनी मुलांचे मेंदू बिघडविले' असे सरसकट बोलू नये. शिकण्याच्या घडीला अवधान विभागले गेले तर त्या घडीचे शिकणे कमी होते, एवढे मात्र अनेक दशकांच्या प्रयोगांनी दृढ झाले आहे.

१०. ज्येष्ठांच्या विस्मरणाविषयी

चष्मा कोठे ठेवला, कुलूप लावले की नाही, औषधाची गोळी घेतली की घ्यावयाची आहे, या शंका ज्येष्ठांना बेचैन करतात. 'स्मरणशक्ती गेली' असे म्हणून ते खचतात. वस्तुतः चष्मा ठेवताना मन दूरध्वनीवरील बोलण्यात असेल, तर त्या कृतीची नोंद मुळात नीट झालेलीच नसते. जे लिहिलेच नाही ते पुसले गेले असे म्हणता येत नाही. तरुणांनाही हे होते, मात्र ते त्याची धास्ती घेत नाहीत. वय वाढते तसे दोन कामे एकत्र करणे अधिक जड जाते, ही गोष्टही तितकीच खरी.

यावर उपाय साधा आहे. कुलूप लावताना क्षणभर थांबून 'कुलूप लावले' असे मोठ्याने म्हणावे. गोळी घेताना दुसऱ्या कोणाशी बोलू नये. वस्तूंच्या जागा ठरवून टाकाव्या. तथापि परिचित रस्ता चुकणे, घरच्यांची नावे न आठवणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे किंवा नेहमीचे व्यवहार न जमणे, असे होऊ लागल्यास ते अवधानाच्या खाती टाकून न देता डॉक्टरांचा सल्ला वेळीच घ्यावा.

११. घरी पाळावयाचे काही नियम

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचविता येतील.

(अ) नवे पाठांतर, नवा धडा, नवी भाषा यांसाठी थोडा पण अखंड वेळ ठेवावा. मन रमत नसेल तर वीस मिनिटे पुरेत, परंतु ती वीस मिनिटे दुसऱ्या कशासही देऊ नयेत.

(आ) त्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत असावा. मध्येच निरोप पाहणे म्हणजे काम बदलण्याची किंमत दोनदा मोजणे होय : एकदा जाताना व एकदा परतताना.

(इ) शब्द असलेली गाणी वाचनाच्या वेळी लावू नयेत. सालामे व बॅडली यांनी १९८९ मध्ये केलेल्या प्रयोगांत, ओळीने आठवण्याच्या कामात केवळ वाद्यसंगीतापेक्षा गायनाचा अडथळा अधिक होतो असे दिसले. कोल व वेल्श यांच्या १९७६ मधील प्रयोगात तर न समजणाऱ्या परक्या भाषेतील बोलण्यानेही आठवणे बिघडले होते. 'मला ते गाणे ऐकूच येत नाही' ही सबब म्हणून पुरेशी नाही.

(ई) आपल्या विक्षेपाचा त्रास शेजाऱ्यासही होतो, याचे भान असावे. कॅनडात २०१३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, व्याख्यान चालू असता संगणकावर इतर कामे करणाऱ्यांना चाचणीत ११ टक्के कमी गुण पडले. स्वतः काहीच न करता, केवळ अशांचा पडदा नजरेस पडणाऱ्या जागी बसलेल्यांचे गुण मात्र १७ टक्क्यांनी घटले. हा नियम वर्गास लागू आहे, तसाच प्रवचनाच्या सभामंडपासही आणि घरातील बैठकीच्या खोलीसही. मुलगा अभ्यासास बसला असता वडिलांनी शेजारीच चलच्चित्रे पाहत बसू नये.

(उ) पाठ झालेल्याची उजळणी चालताना, झाडलोट करताना, फुलांचे हार ओवताना अवश्य करावी. ती उजळणी वाया जात नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांस या विषयाचे आणखी एक महत्त्व आहे. येथे आपल्या मुलांना शाळेत, बाजारात व खेळाच्या मैदानात मराठी क्वचितच भेटते. ती भेटते ती घरात, आजी-आजोबांच्या बोलण्यात, संध्याकाळच्या अर्ध्या तासात. इतर मुलांस जे चार ठिकाणांहून पुन्हापुन्हा मिळते, ते आपल्या मुलांस एकाच ठिकाणी मिळते. तो अर्धा तास अर्ध्या लक्षाने गेला, तर राहिलेले भरून काढावयास दुसरी जागा उरत नाही.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी श्रोत्यांकडे धन मागितले नाही, मान मागितला नाही; मागितले ते अवधान. बोलणाऱ्याच्या शब्दांचे चीज व्हावे आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडावे, यासाठी देण्याजोगी गोष्ट तीच आहे. पालकांनी, शिक्षकांनी व ज्येष्ठांनी आपापल्या घरी वरील नियमांचा महिनाभर अनुभव घेऊन पाहावा, ही विनंती.

– सचिव, विश्वस्त मंडळ